रेघेखालचा डोळा

जुन्या सिनेमाच्या पाचव्या रिळात, गुंडाची बहीण कागदी दाराआड उभी राहते त्या जागी, सॉफ्टवेअरने तिचा डोळा मिटून टाकला होता. ताईच्या ते आधी लक्षातही आलं नाही. सकाळचे अकरा वाजत होते, चहाचा कप नियमाप्रमाणे की-बोर्डपासून हातभर लांब होता, आणि काल संध्याकाळी मशीनला साफ करायला लावलेला तुकडा पडद्यावर सावकाश सरकत होता. धूळ गेली होती, बुरशीचे ठिपके गेले होते, सबंध रिळभर उजव्या बाजूने ताणलेल्या तारेसारखी थरथरत जाणारी उभी काळी रेघही गेली होती. छान, असं ती मनाशी म्हणालीही. मग सवयीने तिने डावीकडे मूळ प्रत लावली, उजवीकडे साफ केलेली, आणि दोन्हींवर एकदम नजर टाकली. मूळ प्रतीत ती रेघ नेमकी बहिणीच्या डोळ्यावरून जात होती. चेहऱ्याची दुसरी बाजू दाराने झाकलेली. दिसायला एवढा एकच डोळा, आणि त्यावर रेघ. रेघेखाली काय आहे ते मशीनला माहीत असायचं कारणच नव्हतं. त्याने अलीकडची सावली पाहिली, पलीकडचा गाल पाहिला, आणि मधे आपल्या अंदाजाने एक पापणी भरून दिली. मिटलेली. बासष्ट फ्रेमा, म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. अंगणात एक माणूस मार खातोय आणि बहीण डोळे मिटून उभी आहे. चहा तसाच राहिला. तिने तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

सिनेमा जपानी होता, कृष्णधवल, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा, टोळीवाल्यांचा. तुरुंगातून सुटलेला एक गुंड धाकट्या बहिणीकडे राहायला येतो. बहीण धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. टोळीच्या म्होरक्याला बंदरावरचा एक म्हातारा नावाडी खुपत असतो. तो म्हणतो, त्याला जरा समज दे. भाऊ नावाड्याला घरामागच्या अंगणात गाठतो आणि समज देता देता मारून टाकतो. मग आत येतो, हात धुतो, बहीण त्याच्या हातावर पाणी ओतते. 'जागी होतीस?' तो विचारतो. ती टॉवेल पुढे करते. बस्स, एवढंच. पुढे अर्धा तास दोघं एकाच खोलीत राहतात, जेवतात, झोपतात, आणि शेवटी भावाला त्याच्याच टोळीतली माणसं मासळीबाजारात चिखलात लोळवतात. आता हा सिनेमा लोकांना घरबसल्या बघता यावा म्हणून एका कंपनीने त्याचे हक्क घेतले होते: चकचकीत डबी, आत तबकडी, सोबत छोटी पुस्तिका, वर तिरकी टोपी घातलेला भाऊ. निगेटिव्ह कधीच जळून गेली होती. उरलेल्या एका जुन्या प्रतीवरून सगळं उभं करायचं होतं. ते काम या प्रयोगशाळेकडे आलं, आणि प्रयोगशाळेकडे आलं म्हणजे ताईकडे आलं. छप्पन वर्षांची बाई, एकतीस वर्षं हेच करत आलेली. पूर्वी मऊ ब्रश आणि रसायनाच्या बाटल्या घेऊन, आता माउस घेऊन. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. शेजारच्या खोलीत सिनेमाचा उजेड-अंधार जुळवत बसणारा रंगवाला तर म्हणायचा, ताईंच्या हाताखालून प्रेताचा फोटो गेला तरी ते उठून बसेल.

दुपारी मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे पडद्यावरच्या खालच्या ओळी आपल्या भाषेत आणणारे. निवृत्त शिक्षक, घरी बसून काम करायचे आणि शंका विचारण्याच्या निमित्ताने गप्पा मारायचे.

"ताई, एक सांगा. त्या लोकांत टोळीतला माणूस आपल्या वरच्याला 'मोठा भाऊ' म्हणतो. सख्खा नव्हे हं, मानाने. आणि इथे बहीणही भावाला तसंच म्हणते. मी दोन्हीकडे 'दादा' केलंय. चालेल?"

"चालेल की."

"चालेल काय, पळेल! बाकीचे भाषावाले डोकं धरून बसलेत, दोन वेगळे शब्द कुठून आणायचे म्हणून. आपल्याकडे बघा, गल्लीतला दादा आणि घरातला दादा, एकाच शब्दात भागतं. फार काटकसरी लोक आपण."

मास्तर हसले, तीही हसली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ आपल्या चेहऱ्यावर ते हसू तसंच राहिलंय हे तिला पडद्याच्या काळ्या काचेत दिसलं. घरी तिच्याकडे दादा होता. सख्खा. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तो वीस. वेणी घालायला तो शेजारणीकडून शिकला होता. इतकी आवळून घालायचा की शाळेत बाई विचारायच्या, डोळे का ताणलेस ग. तिच्या वह्यांना कव्हरं तोच घालायचा, चारही कोपरे नीट दुमडून. आणि संध्याकाळी तो बाजारातून चालत निघाला की दुकानदार दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहत, 'या दादा' म्हणत. लहानपणी तिला वाटे, एवढे सगळे लोक आपले भाऊबंद आहेत. ते तसं नाही हे कधी कळलं? कुठल्याही एका दिवशी नाही. घरातल्या भिंतीला ओल यावी तसं ते कळत गेलं. आधी डाग नसतो, मग असतो, आणि मग तो पहिल्यापासूनच होता असं वाटायला लागतं. तिने माउस हलवला. बहीण दाराआड उभी होती, पापणी मिटून, शहाण्या मुलीसारखी. चौदाव्या वर्षी तीही अशीच उभी होती. आणि तिनेही डोळे मिटले होते. निदान इतकी वर्षं तिला तेच आठवत आलं होतं.

घड्याळजी तिच्या लहानपणीच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहत. रस्त्याच्या बाजूला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे फरशीचं अंगण, आणि अंगणातून वर येणारा लाकडी जिना. डोळ्याला भिंग लावून बसलेला, बारीक आवाजाचा माणूस. त्यांची मुलगी आणि ती शाळेत एका बाकावर बसत, एकमेकींच्या डब्यातलं खात. शेजारच्या दुकानाची काच कुणी फोडली ते घड्याळजींनी चौकीवर जाऊन नावानिशी सांगितलं होतं. त्या नावांत दादाचं नाव नव्हतं, त्याच्या वरच्याचं होतं. त्या दिवशी ताप आला म्हणून ती शाळेतून लवकर परत आली होती. दुपारचे तीन. पाणी प्यायला उठली तेव्हा अंगणातून आवाज आला, आणि ती जिन्याकडच्या दारापर्यंत गेली. दार अर्धवट उघडं होतं. खाली दोन माणसं खिशात हात घालून उभी होती, घराचा सौदा बघायला आल्यासारखी, आणि दादा एकटाच काम करत होता. तिने सकाळी ज्याचं बटण लावून दिलं होतं तोच शर्ट. घड्याळजींच्या खिशातून एक हातघड्याळ निसटलं आणि फरशीवर कडेवर उभं राहून चाकासारखं लांबवर घरंगळत गेलं, मोरीच्या काठाशी जाऊन पडलं. इथे तिची आठवण संपायची. इथे तिने डोळे मिटले असणार. तिसऱ्या दिवशी घड्याळजी गेले. चौथ्या दिवशी इन्स्पेक्टर जिना चढून वर आले, जाडजूड, घामेजलेले, आणि तिच्या अंथरुणाच्या कडेला बसून म्हणाले, तू काय पाहिलंस पोरी? दादा त्यांच्यासाठी ग्लासात पाणी ओतत होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, मला ताप होता, मी झोपले होते. इन्स्पेक्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ खरंच तापलेलं होतं. तिच्या शरीराने आपण होऊन तिची बाजू घेतली होती. "फणफणलीय हो पोरगी," ते दादाला म्हणाले, अगदी कळवळून, आणि पाणी पिऊन उतरून गेले. महिन्याभरात घड्याळजींच्या बायकोने जागा सोडली. पुढे दादाने तिला दुसऱ्या शहरात शिकायला पाठवलं. दर पत्रात असायचं, नीट जेवत जा, पैशाची काळजी करू नकोस. ती शिकून परत आली, मग त्याने ते सगळं सोडलं, टायरचं दुकान टाकलं, लग्न केलं. वहिनी आठ वर्षांपूर्वी गेली, मूल नव्हतं, आणि तो तिच्याकडे राहायला आला. आता अडुसष्ट वर्षांचा दादा गॅलरीत कुंड्या लावायचा आणि इमारतीतली पोरं त्याला दादाआजोबा म्हणायची.

साहेबांना तिने तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी दोनदा बघितला, आणि त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. "छान जमलंय की, ताई. मिटलेलाच बरा. बाईमाणूस, भावाचं कृत्य बघवत नाहीये तिला. भावना आहे त्यात."

"भावना मशीनने घातलीय, साहेब."

"घालू दे ना. लोक घरी बघणार, सोफ्यावर पाय टाकून, मधेच फोन आला की उठून जाणार. अडीच सेकंदांसाठी कोण चष्मा पुसून बसतंय?"

"मग मी रेघच ठेवते."

"आणि रेघ ठेवून डबी विकू? वा." पण साहेब वाईट माणूस नव्हते, एकतीस वर्षांत ताईने कशासाठी हट्ट धरलेला त्यांना आठवत नव्हता. एका परदेशी शिक्षणसंस्थेच्या संग्रहात याच सिनेमाची लहान फितीवरची, वर्गात दाखवायची प्रत आहे असं तिने कुठेतरी वाचलं होतं. साहेबांनी मान खाजवली, पत्र लिहिलं, आठवड्याची मुदत दिली. सहाव्या दिवशी, शुक्रवारी, पाकिटात हार्डडिस्क आली. त्या प्रतीचं चित्र मळकट होतं, चेहरे पिठात बुडवल्यासारखे, पण ती रेघ तिच्यात नव्हती. ताईने ती बासष्ट फ्रेमांची जागा शोधली आणि एक-एक फ्रेम पुढे सरकवायला लागली. डोळा उघडा होता. नुसता उघडा नव्हता, तो काम करत होता. बुबुळ दोनदा हललं, डावीकडून उजवीकडे, भावाच्या हाताच्या मागोमाग. त्यात पाणी नव्हतं, भीती म्हणावी तर तीही नव्हती. लक्ष होतं. सुईत दोरा ओवताना असावं तेवढं लक्ष. ताईने दोन दिवस तो डोळा तिकडून उचलून इकडे बसवण्यात घालवले, कडा जुळवल्या, उजेड जुळवला, फिल्मचे बारीक कण जुळवले; मान मोडून आली, बोटं वळायची थांबली. आणि हे चालू असताना, केव्हा ते तिला सांगता आलं नसतं, तिच्या स्वतःच्या आठवणीतली पापणी निघून आली. ओल्या भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा निघावा तशी. घड्याळ मोरीशी पडलं तिथे काही संपलं नव्हतं. तिने डोळे मिटलेच नव्हते. तिने पुढचं सगळं पाहिलं होतं, शेवटपर्यंत, दाराची कडी मुठीत धरून, आणि तेवढ्याच लक्षपूर्वक.

रविवारी दुपारी तिने लॅपटॉप घरी नेला. नियमाने तसं करायचं नव्हतं. दादा जेवून खुर्चीत बसला होता, पुढ्यात सफरचंदाच्या पातळ फोडी. कवळी आल्यापासून त्याला सगळं पातळ कापून लागायचं. ती कवळी हा तिच्या मनातला आणखी एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांनी ती एका कारखान्यात बनवायला टाकली होती, उशीर झाला म्हणून ती स्वतः आणायला गेली, आणि काचेच्या दारातून आत वाकून काम करणारी बाई बघून रस्त्यावरच थिजली. घड्याळजींची मुलगी. पाठीला वडिलांसारखाच बाक, डोळ्याला तसंच भिंग. ती आत गेलीच नाही. दादाला सांगितलं, दुकान बंद होतं. चार दिवसांनी कवळी डॉक्टरांकडे पोचली.

"काय लावतेयस?" दादाने विचारलं.

"कामाचा सिनेमा. मारामारीचा आहे."

"मारामारीचा? मग लाव, लाव."

तो मन लावून बघत होता. खालच्या ओळी मोठ्याने वाचत होता, एक-एक शब्द सुटा करून. 'दादा, तुम्ही म्हणाल तसं.' "बघ, त्यांच्यातही दादाच म्हणतात," तो खूश होऊन म्हणाला. अंगण आलं तेव्हा तो पुढे झुकला आणि मग नाराज झाला. "हा असा काय मारतोय! सगळं मनगटातून. हात खांद्यातून आला पाहिजे. ह्याने माणसाला काय होतंय?" त्याने सफरचंदाची फोड तोंडात टाकली. कवळीचा बारीक टकटक आवाज झाला. पडद्यावर दार आलं, दाराच्या फटीत चेहरा, आणि चेहऱ्यात तिने दोन दिवस खपून बसवलेला डोळा.

"बघतेय," दादा म्हणाला.

"कोण?"

"बहीण. बघ की, टक्क उघडा आहे डोळा." आणि चावता चावता, तुझ्याकडेही अशीच छत्री होती असं म्हणावं तितक्या सहज, तो म्हणाला, "तूही अशीच उभी होतीस."

तिने सिनेमा थांबवला. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"दार हललं होतं ना. वारा नव्हता."

"मग कधी बोलला नाहीस ते."

"त्यात बोलायचं काय? समज द्यायची होती, हात जड पडला. झालं. तुला कशाला त्यात ओढायचं?" त्याने आणखी एक फोड उचलली. "पण त्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर तू बोललीस ना, चिमे, झोपले होते म्हणून, तेव्हा मी मनात म्हटलं, ही आपली. त्या दोघांचा मला कधी भरवसा वाटला नाही. एक तर पुढे फुटलाच. तुझ्याइतकं पक्कं माणूस मला सबंध टोळीत मिळालं नाही. म्हणून तर तुला शिकवलं." त्याने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. हे तो प्रेमाने म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं, म्हाताऱ्या माणसांच्या येतं तसं, जरा कशानेही. "चालू कर की. पुढे काय होतं त्याचं?"

"मरतो."

"ते आलंच," दादा म्हणाला.

ती त्या रात्री झोपली, याचंच तिला सकाळी नवल वाटलं. इतकी वर्षं तिने दोन दादा जपले होते, एक अंगणातला आणि एक वह्यांना कव्हरं घालणारा. कधी एकाची लाज वाटली तर दुसऱ्याच्या आडोशाला जायचं. आता कळत होतं की तो एकच माणूस होता आणि त्याचं दोन्हींत एकच चोख धोरण होतं. तिचं शिक्षण, तिचे हे शांत हात, तासन्‌तास एका जागी बसून दुसऱ्याची घाण पुसण्याची तिची ती नावाजलेली चिकाटी, सगळं त्या एका वाक्यातून आलं होतं, मला ताप होता, मी झोपले होते. बक्षीस म्हणून. दादा गॅलरीत कुंडीतली माती उकरत होता. ती चपला घालून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"दादा, आज मी घड्याळजींच्या मुलीकडे जाणार आहे. मी पाहिलं ते सांगणार आहे. चौकीवरही."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तो हसायला लागला, इतका की त्याला कवळी हाताने सावरावी लागली. "तू? तू नाही बोलायचीस, चिमे." त्यात धमकी नव्हती. खात्री होती. "जाऊन ये. मन मोकळं होईल. आणि येताना माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आण, दोनच उरल्यात."

कामावर तिने पाचवं रीळ साहेबांच्या पडद्यावर लावलं. साहेबांनी बघितलं, आणि "अरे, ही तर बघतेय की," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पाठवणीच्या कागदावर सही केली. रंगवाल्याने दारातून डोकावून विचारलं, ताई, बरं नाही का? ती म्हणाली, अर्धा दिवस रजा टाकलीय.

कवळ्यांचा कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी भुकटी, आणि भिंतीच्या फळ्यांवर माणसांचे जबडे, ओळीने, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. घड्याळजींच्या मुलीने भिंग कपाळावर सरकवलं. केस आखूड कापलेले, सगळे पिकलेले. ओळख पटायला तिला वेळ लागला नाही, किंबहुना ती वाटच बघत असावी असं तिचं वागणं होतं.

"बस. हात धुऊन येते." आणि नळ बंद करता करता, पाठमोरीच, "दोन वर्षांपूर्वी दारापर्यंत येऊन गेलीस."

"पाहिलं होतंस?"

"काचेतून दिसतं सगळं. चिठ्ठीवर नाव होतं त्याचं. दोन दिवस तो साचा बाजूला ठेवला होता मी. फोडावा असंही वाटलं. मग बनवली. नीट बसते?"

"बसते."

"बसणारच." ती समोरच्या स्टुलावर बसली. "तू दाराआड उभी होतीस."

"हो."

"तू शाळेतून लवकर गेलीस म्हणून मीही मागोमाग घरी आले होते. मी जिन्याखाली होते, पाण्याच्या पिंपामागे. तुझं पाऊल दिसत होतं मला, फळ्यांच्या फटीतून. इन्स्पेक्टरना मी सांगितलं, वरच्या मुलीने पाहिलंय, तिला विचारा. ते वर जाऊन आले आणि म्हणाले, ती तापाने पडलीय, तुला भास झाला असेल. जिथे तू नव्हतीस तिथे मी तुला पाहिलं, मग बाकीचं तरी खरं कशावरून? पुढे पुढे आईसुद्धा म्हणायला लागली, तू लहान होतीस, घाबरली होतीस." हे सगळं ती कोरडेपणाने सांगत होती, गिऱ्हाइकाला उशिराचं कारण सांगावं तशी. "शाळेत तू मागच्या बाकावर जाऊन बसलीस. तेव्हा मला कळलं की मला भास झाला नव्हता. आज का आलीस?"

"सांगायला. लिहून देते, चौकीवर येते. तो आहे अजून."

"त्याला माहीत आहे, तू इथे आलीयेस ते?"

"सांगितलं. हसला. म्हणाला, तू नाही बोलायचीस."

घड्याळजींच्या मुलीने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. मग उठून कोऱ्या कागदांचं पॅड आणलं, पेन आणलं, टेबलावरची भुकटी हाताने झाडून जागा करून दिली, आणि आपण दुसऱ्या टेबलाशी जाऊन काम करायला लागली. कानशीचा खर्र-खर्र आवाज येत होता. ताई लिहीत होती. भाषा शाळेतल्या निबंधासारखी निघत होती, पण थांबत नव्हती. दिवस, वेळ, ताप. दोन माणसं खिशात हात घालून. माझा सख्खा भाऊ. शर्ट. घड्याळ फरशीवरून कुठपर्यंत गेलं. त्यानंतर किती वेळ, कशाने, कुठे. लिहिताना हात कापत नाही याची तिला शरम वाटली. दुसरं पान उलटलं तेव्हा कानस थांबली.

"एक गोष्ट त्यात लिही," मागून आवाज आला. "ऐकली असशील तर. मी ती कुणालाच सांगितली नाही, आईलाही नाही. ती म्हणाली असती, हाही भासच. बाबांनी शेवटी मान उचलली. सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'आत जा, बाळ. बघू नकोस.' एवढ्या सगळ्यात त्यांना मी दिसले. मी पिंपामागे आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांना माझी काळजी वाटली. त्याच्यावर मी..." तिने हात नुसता फिरवला, खोलीवरून, फळ्यांवरून, ओळीने मांडलेल्या त्या सगळ्या जबड्यांवरून.

पेन कागदावर टेकलेलं होतं आणि त्याच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत होता. ऐकलं होतं तिने. घड्याळजी सगळ्याच पोरांना बाळ म्हणत. पिंप जिन्याच्या पुढ्यात होतं, उंच, लोखंडी, आणि अंगणात पडलेल्या माणसाला त्यामागचं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान उचलली होती ती पिंपाच्याही वर, जिन्याच्याही वर, अर्धवट उघड्या दाराकडे. एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्याने त्यांनी तिच्याकडे बघितलं, चांगलं ओळखून बघितलं. त्यांनी तिला हाक मारली नव्हती, कुणाला बोलाव म्हटलं नव्हतं. तुझ्या भावाला थांबव म्हटलं नव्हतं. आत जा म्हणाले होते. आणि ती गेली नव्हती. हे एवढं वाक्य तिने इतक्या वर्षांत स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. डोळा बसवताना पापणी निघाली तेव्हाही ते वाक्य तेवढं तिने बाजूला ठेवलं होतं. ते तिचं होतं. तिला मिळालेलं सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात मायेचं वाक्य. ती खरं सांगायला आली होती, सगळं खरं, आणि मागे ती बाई श्वास रोखून उभी होती, चौदा वर्षांच्या मुलीसारखी.

"ऐकलं होतं," ती म्हणाली. "तुलाच म्हणाले."

चौकी दहा मिनिटांवर होती. दोघी चालत गेल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. अधिकारी तरुण होता, सर्दी झालेला. त्याने ओळीखाली बोट धरून दोन्ही पानं वाचली आणि मग पहिल्यापासून पुन्हा वाचली.

"बेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे हे."

"हो."

"सख्खे भाऊ तुमचे? तुमच्याच घरी राहतात?"

"हो."

"तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतंत?"

"ताप होता, झोपले होते म्हणून."

"ते खोटं?"

"ताप खरा होता."

त्याने नाक पुसलं. जुने कागद सापडतात का ते बघावं लागेल, तो म्हणाला, एवढ्या वर्षांनी कोर्ट काय म्हणेल ते त्याला सांगता येणार नाही. पण खुनाची गोष्ट आहे, साक्षीदार समोर आहे, तेव्हा उद्या सकाळी माणूस पाठवून त्यांना आणावं लागेल. तुम्ही घरी असाल ना? असेन, ती म्हणाली. मग तो तिचा जबाब आपल्या रीतीने नोंदवून घ्यायला लागला. प्रश्न विचारायचा, उत्तर लिहायचा, कधी शब्द पुन्हा विचारायचा. शर्टाचं बटणही त्याने लिहिलं. दुसऱ्या पानाशी येऊन तो अडला.

"हे 'मुलीला उद्देशून म्हणाले' म्हणजे? मुली दोन होत्या तिथे. तुम्हीही होतात. नेमकं कुणाला म्हणाले ते सांगा, म्हणजे मी तसं घालतो."

शेजारच्या खुर्चीत घड्याळजींची मुलगी ताठ बसली होती, प्लॅस्टरने पांढरे झालेले हात मांडीवर एकावर एक ठेवून. ती तिच्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

"हिला," ती म्हणाली. "माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं."

अधिकाऱ्याने ते जसंच्या तसं लिहिलं, आणि कागद थोडा वर सरकवला.

"पुढे?"

"पुढे ते काही बोलले नाहीत," ती म्हणाली, आणि सहीसाठी हात पुढे केला.